क्लॅरोनेटची पत्ती

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की भिवाने लपवलं. पालीला भितो, साहेबाला भितो, बायकोला तर भितोच. पोलीस बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं क्लॅरोनेट वाजवली, आता घरी बसून पेन्शन खातो, तरी दारावर जोरात थाप पडली की अजून छातीत धस्स होतं. बकुळा म्हणते, "अहो, तुम्ही पोलिसात होता हे बाहेर सांगत जाऊ नका, लोक हसतील." हसू देत. पण त्या एका शनिवारी मी जो घाबरलो तसा पुन्हा कधी घाबरलो नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

साल छप्पन, फेब्रुवारी महिना. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. जानेवारीत गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, घराघरातलं कुणी ना कुणी तुरुंगात नाहीतर हॉस्पिटलात. पोलिसांची गाडी डिलाईल रोडवरून गेली की वरच्या गॅलऱ्यांतून बाया चुलीतली राख ओतायच्या. आणि नेमकं तेव्हाच मला टपालाने पत्र आलं. पोलीस बँडमध्ये क्लॅरोनेटवादक म्हणून निवड झाली आहे, सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हावे.

अर्ज मी वर्षभर आधी केला होता हो! तेव्हा कुठे माहीत होतं पुढे काय वाढून ठेवलंय? आमच्या खोलीत अकरा माणसं. गिरणीत मी बदलीवाला. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवलं तर आत, नाही दाखवलं तर तोंड घेऊन घरी. बकुळाला पाचवा महिना, आणि झोपायची जिन्याखाली, येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. पोलीस बँड म्हणजे कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, घरात स्वतःचा नळ. तिने ते पत्र कपाळाला लावलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं. "कुणाला बोलू नका," म्हणाली. जसा काही मी बोलणार होतो! चाळीला कळलं असतं तर तंगड्या तोडून हातात दिल्या असत्या.

मंगळवारी शामराव हवालदार चौकशीला आला. नोकरीच्या आधी माणसाची चालचलणूक बघतात ना, ती. बरं, आला तो साध्या कपड्यात यावा की नाही? निळी वर्दी, पिवळी टोपी, हातात काठी. सगळी चाळ गॅलरीत. मी लोकांना सांगितलं, कुणाची तरी सायकल चोरीला गेलीय, त्याची विचारपूस आहे. शामरावने नाव, गाव, वय लिहून घेतलं आणि जिना उतरताना हळूच म्हणाला, "माझा रिपोर्ट सोमवारी सकाळी जातो. तोवर कुठल्या लफड्यात दिसू नकोस. दिसलास तर मला लिहावं लागेल."

बास, एवढंच. पण त्या दिवसापासून मला भात गिळवेना. वरून चाळीची भीती, समोरून शामरावची भीती, आणि मधे मी.

त्यात शुक्रवारी बुधाजीकाकांनी काम घेतलं. कुणाचं? कौसल्याबाईचं!

बुधाजीकाका आमच्या बँडचे मास्तर. कॉर्नेट, म्हणजे तो आखूड पितळी कर्णा, त्यांच्याकडे. माझा बाप गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, क्लॅरोनेट हातात दिली, बोटांवर छडी मारून मारून सूर काढायला शिकवलं. बँड पाच जणांचा. काका, मी, मोठ्या ढोलावर अंतू, आणि दोघे भाऊ, त्यातला एक ताशावर, एक मोठ्या भोंग्यावर. गिरगाव-दादरच्या वराती आम्ही वाजवायचो. तिथे कोण ओळखतंय? टोपी कपाळावर ओढली की झालं. आपल्याच गल्लीत वाजवायचं म्हणजे मात्र समोरच्या प्रत्येकाने तुम्हाला उघड्या ढुंगणाने पळताना बघितलेलं असतं.

आणि कौसल्याबाईची खानावळ कसली खानावळ आहे हे आमच्या रोडवरच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. दारूबंदीचे दिवस. पुढच्या खोलीत सोलकढी-भात, मागच्या खोलीत हातभट्टीची. कर्फ्यूत तीन आठवडे धंदा बंद होता, गिऱ्हाईक दुसरीकडे सरकलं होतं. ते परत यावं म्हणून बाईने बँड लावायचं ठरवलं. कुणी विचारलं तर नातवाचं बारसं आहे म्हणून सांगायचं. पाळणाही टांगला होता, फुलांच्या माळा लावून. नातू होता चिपळूणला.

"काका, मी येत नाही," मी म्हणालो.

"का?"

"ताप आहे."

काकांनी माझ्या कपाळाला हात लावला. "बर्फ आहे नुसता. शनिवारी चारला ये. आणि कोटाची बटणं घासून ये."

सांगायचं ना मग काकांना खरं? कसं सांगणार! गोळीबारानंतर त्यांनीच आम्हा चौघांना बसवून सांगितलं होतं, "उपाशी मरू, पण ह्या पिवळ्या टोपीवाल्यांच्या दारात आपला बँड उभा राहायचा नाही." त्यांच्यासमोर मी काय तोंड उघडणार?

शनिवार उजाडला. बकुळाने बटणं घासून दिली. ती म्हणाली, "आजच्या दिवस निभवा. टोपी खाली ओढा आणि भिंतीला चिकटून उभे राहा." भिंतीला चिकटून! कौसल्याबाईने आमची जागा ठरवली तीच मुळी खानावळीच्या ओट्यावर, रस्त्याच्या अगदी तोंडाशी.

त्याला कारण होतं. बाई पक्की. तिने काम समजावून सांगितलं, कमरेवर हात ठेवून. "तुम्ही वाजवत राहायचं. बँड वाजतोय तोवर माझी माणसं निवांत बसतील. पोलीस दिसला की एकदम थांबायचं. ओरडायचं नाही, शिट्टी मारायची नाही, काही नाही. नुसतं थांबायचं. बाकी आतलं मी बघते." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "हा पुढे उभा करा. ह्याचे डोळे बघा कसे सारखे फिरतायत. ह्याला सगळ्यात आधी दिसेल."

आता बोला! सोमवारी जो पोलिसात भरती होणार, तो शनिवारी हातभट्टीच्या दारात पोलिसांवर नजर ठेवायला उभा. माझं मलाच रडू आलं.

चारला सुरू केलं. पहिला अर्धा तास मी काय वाजवलं ते देवालाच माहीत. बोटं आपली आपण चालत होती. डोळे रोडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक जमले, पोरं नाचायला लागली, वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "भिवा, गाल फुगव की रे!" आत गर्दी वाढत होती. मागच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायला लागले. तीन आठवड्यांनी माणसं हसत होती आणि माझ्या मानेवरून घामाचे ओघळ कोटाच्या आत जात होते.

साधारण पाचला कोपऱ्यावर पिवळं दिसलं. डोक्यावर पिवळं! माझा श्वास तिथेच अडकला, क्लॅरोनेट बंद. मी थांबलो म्हणून काका थांबले, काका थांबले म्हणून अंतू थांबला. आत पळापळ, भांड्यांची आदळआपट, आणि क्षणात सगळे पुढच्या खोलीत भाताचे घास तोंडात कोंबून बसलेले. कोपऱ्यावरून आला कोण? डोक्याला पिवळं फडकं गुंडाळलेला केळीवाला.

कौसल्याबाई पळी घेऊन बाहेर आली. "अरे मेल्या, केळीवाल्याला भितोस? माझी अख्खी बरणी मोरीत गेली ना! परत असं केलंस तर ही पळी बघ!"

सगळा रोड हसला. काकाही हसले. म्हणाले, "भिवा, काय होतंय तुला आज?" मी म्हणालो, ताप आहे. आता मात्र खरंच अंग तापलं होतं.

परत सुरू केलं. मनात म्हणत होतो, अजून एक तास. एक तास निघाला की सोमवार आपला. ऊन गिरणीच्या भिंतीवरून वर सरकायला लागलं. पहिल्या पाळीची माणसं घरी जाऊन चहा पिऊन खाली उतरली होती, गर्दी वाढतच होती. आणि अचानक रोडच्या त्या टोकाची गर्दी दोन्ही बाजूंना सरकायला लागली. आवाज नाही, घोषणा नाही, टाळ नाही. मधून मयत येत होती.

बाबुराव साळुंक्यांचा दत्ताराम. आमच्या पलीकडच्या चाळीतला, एकवीस वर्षांचा पोरगा. जानेवारीत पोटात गोळी लागली होती. महिनाभर हॉस्पिटलात झुंजला आणि त्या दुपारी तिथेच गेला, मयत तिथूनच निघाली. आम्ही ओट्यावर नाचगाणी वाजवत होतो, आम्हाला पत्ताच नव्हता. पुढे मडकं धरून बाबुराव, मागे चाळीतली माणसं, आणि दोन्ही बाजूंनी पिवळ्या टोप्या. चार शिपाई, आणि त्यांच्या पुढे शामराव हवालदार.

समोरून मयत आली की बँड थांबतो. हा आमचा रिवाज. वरात कितीही मोठ्या माणसाची असो, थांबायचं, टोपी काढायची, वाद्य खाली करायचं. काकांनी कॉर्नेट खाली केली. आम्ही सगळ्यांनी खाली केलं. टोप्या काढल्या.

आणि आतल्या लोकांना काय कळणार? बँड थांबला!

ह्या खेपेला बाईने काही हातचं राखलं नाही. पिंपंच्या पिंपं मोरीत उपडी झाल्याचे आवाज आम्ही ऐकले. मोरीचं पाणी यायचं कुठे, तर आमच्या ओट्याखालच्या गटारात. मिनिटाभरात असा भपकारा सुटला की डोळ्यांत पाणी आलं. आतली माणसं बाहेर आली, बोटांना भात, तोंडं पुसत, पळायच्या तयारीत. समोर तिरडी बघितली आणि जागच्या जागी हात जोडून उभी राहिली. त्यातला एक म्हातारा मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

शामरावने नाक वर केलं. गटाराकडे बघितलं. पाळण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि टोपी तर माझ्या हातात, तोंड लपवायला काही नाही. संपलं, म्हटलं. नळ गेला, क्वार्टर गेलं, बकुळा जिन्याखालीच बाळंत होणार.

पण तेवढ्यात बाबुराव थांबले. ते थांबले म्हणून तिरडी थांबली.

"बुधाजी," बाबुराव म्हणाले. आवाज अगदी साधा, बाजारात हाक मारावी तसा. "दिवाळीत तू माझ्याकडून सुपारी घेतलीस. दत्तारामच्या लग्नाची. वैशाखातली तारीख."

आमच्या धंद्यात कागद नसतो. यजमानाने नारळ-सुपारी हातावर ठेवली आणि मास्तरने घेतली की काम बांधलं गेलं. मग पाऊस येवो, आग लागो, बँड गेलाच पाहिजे. घेतलेली सुपारी परत करणारा मास्तर परळपासून गिरगावापर्यंत कुणी बघितलेला नाही.

"घेतली होती," काका म्हणाले.

"परत करतोस?"

"नाही बाबुराव. सुपारी मी परत करत नाही."

"मग वाजव. वरातीची चाल वाजव. रोड संपेपर्यंत वाजव."

शामराव पुढे आला. "बाबुराव, ऐका माझं," तो म्हणाला. दरडावून नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हुकूम आहे. घोषणा नाहीत, वाद्य नाही. वाजवणाऱ्याचं नाव लिहून आणायला सांगितलंय मला."

गॅलऱ्यांमधून शेकडो माणसं बघत होती. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली, कॉर्नेट तोंडाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. अंतूने काठी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. कारण वरातीची चाल क्लॅरोनेट उचलते. पहिली ओळ एकटी क्लॅरोनेट म्हणते, मग बाकीचे मागून येतात. इतकी वर्षं ती ओळ मीच उचलत होतो.

मी क्लॅरोनेट तोंडाला लावली. खरं सांगतो, वाजवायला म्हणूनच लावली. दत्ताराम माझ्याबरोबर गोट्या खेळलेला पोरगा, त्याच्यासाठी का नाही वाजवणार? पण नजर गेली शामरावच्या खिशाकडे. त्यात ती छोटी वही होती, मंगळवारी त्याने माझं नाव लिहिलं होतं ती. आणि मला ते नाव दिसायला लागलं, भिवा, वय सव्वीस, राहणार डिलाईल रोड, आणि त्याच्यावर मारलेली काट. मला लाज वाटत होती, पण भीती तिच्यापेक्षा मोठी होती, फार मोठी होती.

क्लॅरोनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते. तिच्यावरच सगळा आवाज. मी ओठ बाजूला घेतला आणि तिच्यावर दात रोवले. कट्.

"पत्ती फुटली, काका," मी म्हणालो.

काकांनी पुढे होऊन बघितलं. चिरली होती, उभी. "दुसरी काढ," ते म्हणाले.

"नाही माझ्याकडे."

कोटाच्या खिशात दोन होत्या. कोरड्या, कोऱ्या, काकांनीच घासून दिलेल्या. काका माझ्या खिशाकडे बघत राहिले. खिशात हात घालून बघितला असता तर मी आडवा आलो नसतो. पण त्यांनी हात घातला नाही.

बाबुरावच पुढे आले. पोरगा तिरडीवर, मडकं हातात, तरी एक हात मोकळा करून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. "असू दे पोरा," म्हणाले. "वस्तूच ती. कधीतरी फुटायचीच. तुझा काय दोष त्यात?"

मला वाटलं, ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

मग काकांनीच चाल उचलली. क्लॅरोनेटची ओळ, कॉर्नेटवर. फार उंच जाते ती, म्हाताऱ्याचा दम पुरेना. दोनदा सूर फाटला, तरी त्यांनी सोडला नाही. अंतूचा ढोल आला, ताशा आला, भोंगा आला. चौघे ओट्यावरून उतरले आणि तिरडीच्या पुढे चालायला लागले. गॅलऱ्यांमधल्या बाया मोठ्याने रडायला लागल्या. कौसल्याबाईने पाळण्याच्या माळा तोडून तिरडीवर टाकल्या आणि हात जोडून दारात उभी राहिली.

मी ओट्यावर उभा. एका हातात टोपी, एका हातात क्लॅरोनेट. आणि तेव्हा मला शामराव दिसला. तो रस्त्याच्या कडेला एका गुडघ्यावर बसून वहाणेचा बंद बांधत होता. बंद सुटलेला नव्हता. तो आधी एका पायाचा सोडून परत बांधायचा, मग दुसऱ्या पायाचा सोडून परत बांधायचा. मान वर नाही. चारही शिपाई पाठ करून गिरणीच्या चिमणीकडे बघत उभे. बँड पार पुढच्या वळणावर जाऊन आवाज पुसट झाला, तेव्हा कुठे तो गुडघ्याला हात टेकून उठला.

माझ्यापाशी आला. इतक्या जवळून बघितलं तर त्याचे डोळे लाल झाले होते. भपकाऱ्याने की कशाने, मला नाही माहीत.

"तू नाही वाजवलंस?"

"पत्ती फुटली, साहेब."

तो माझ्या हातातल्या क्लॅरोनेटकडे बघत राहिला. "मी बंद बांधत होतो रे," तो म्हणाला. "मान खाली होती माझी. कोण वाजवतंय ते मला कुठून दिसणार होतं?"

आणि काठी उचलून मयतीच्या मागे निघून गेला.

मी घरी गेलो. बकुळाने विचारलं, निभावलं का? मी म्हणालो, निभावलं. तिने देवाला साखर ठेवली.

काका त्या रात्री काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत त्याबद्दल. पुढे माझ्या वर्दीतल्या फोटोवरूनसुद्धा नाही. मुलीच्या बारशाला येऊन जेवून गेले, तिला चांदीचं वाळं घालून गेले. फक्त माझ्यासमोर त्यांनी कॉर्नेट पेटीतून परत काढली नाही.

माझा रिपोर्ट चांगला गेला. सोमवारी आठला बोलावलं होतं, मी साडेसहालाच जाऊन फाटकाशी उभा राहिलो.